व्याख्यान, कार्यशाळा की परिसंवाद? विद्यापीठातल्या जाहीर कार्यक्रमांपैकी नेमकं कशाला जावं

डिसेंबर उजाडला की पुण्यात व्हॉट्सअ‍ॅपवर कार्यक्रमपत्रिकांचा खच पडू लागतो. विद्यापीठाच्या एखाद्या विभागाचं दोन दिवसांचं राष्ट्रीय चर्चासत्र, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत जाहीर व्याख्यान, गोखले इन्स्टिट्यूटमध्ये स्मृतिव्याख्यान, कुठे मोडी लिपीची कार्यशाळा. आणि हे सगळं नेमकं त्याच शुक्रवार-शनिवारी. नोकरी करणाऱ्याला त्यातलं एखादंच जमतं. मग बहुतेक जण वक्त्याचा फोटो आणि नाव बघून ठरवतात. माझा सल्ला उलटा आहे. नाव सगळ्यात शेवटी बघा. आधी बघा की कार्यक्रम मुळात कोणासाठी आखलाय आणि त्यात श्रोत्याला तोंड उघडायला किती वेळ ठेवलाय. चांगला वक्ता भलत्या साच्यात अडकवला की वीस मिनिटांत गुंडाळतो, आणि फारसं नाव नसलेला प्राध्यापक मोकळा वेळ मिळाला की दीड तास जागचं हलू देत नाही.

हा आढावा मुख्यतः गणेशखिंडीचा, म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परिसर आणि त्याच्या अवतीभवतीच्या संस्थांचा. मुंबई आणि गोव्याबद्दल शेवटी थोडं आहे.

पत्रिका हातात आल्यावर

पत्रिकेत वरच्या ओळी सोडा, तळाच्या वाचा. ‘सर्वांसाठी खुले, प्रवेश विनामूल्य’ असं छापलं असेल तर सरळ जाऊन बसायचं, कोणी काही विचारत नाही. ‘नोंदणी आवश्यक’ असेल आणि खाली प्राध्यापक, संशोधक विद्यार्थी व इतर अशी तीन वेगवेगळी शुल्कं असतील, तर ते चर्चासत्र आहे. तुम्ही त्यातले ‘इतर’. ‘फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्राम’ किंवा ‘रिफ्रेशर’ हे शब्द दिसले की पत्रिका बाजूला ठेवा. ते प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या गरजेतून होतात, विषय कितीही मोहक असला तरी.

मग मधला भाग, म्हणजे मान्यवरांची यादी. उद्घाटक, प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, विशेष उपस्थिती, स्वागतोत्सुक, निमंत्रक. चारपेक्षा जास्त नावं असतील तर साडेपाचचा कार्यक्रम साडेपाचला सुरू होणार नाही, हे गृहीत धरा. पाहुणे यायचे, मग दीपप्रज्वलन, त्यात वाऱ्यानं विझलेली वात पुन्हा लावायची, मग विद्यापीठगीत, मग प्रत्येकाला शाल-श्रीफळ (हल्ली रोपटं किंवा पुस्तक), मग प्रास्ताविक, मग वक्त्याचा परिचय. हा परिचय वक्त्याच्या बायोडेटावरून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला जातो, अगदी तो कोणकोणत्या समित्यांवर होता तिथपर्यंत. वक्ता माइकपाशी पोहोचेस्तोवर सव्वासहा. प्रश्नोत्तरं पत्रिकेत असतात, पण अध्यक्षीय समारोप आणि आभारप्रदर्शन त्यांच्या डोक्यावर उभे असतात. शेवटी निवेदिका म्हणते, ‘वेळेअभावी एकच प्रश्न घेऊया’, आणि तो एक प्रश्न विचारायला उठलेले काका प्रश्नाऐवजी स्वतःचं छोटंसं भाषण करतात.

याउलट पत्रिकेवर फक्त एक नाव, एक विषय, एक वेळ आणि सभागृह एवढंच असेल, तर तिथे आधी जा. विज्ञानसंस्थांमध्ये असंच असतं, आणि मानव्य शाखांनी त्यांच्याकडून एवढी एक गोष्ट उचलायला हरकत नाही.

व्याख्यान : तीन तऱ्हा

व्याख्यानाला काही पणाला लागत नाही. पैसे नाहीत, नोंदणी नाही, आवडलं नाही तर मागच्या दारानं उठून जाता येतं. म्हणून कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल तर व्याख्यानापासून करा. पण सगळी व्याख्यानं एका जातीची नसतात.

पहिली तऱ्हा स्मृतिव्याख्यानाची. वर्षातून एकदा, एकाच्या नावानं, दुसऱ्या नामवंतानं द्यायचं. पुण्यात या तऱ्हेतलं सगळ्यात जुनं आणि वजनदार नाव म्हणजे गोखले अर्थशास्त्र संस्थेचं काळे स्मृतिव्याख्यान. संस्था 1930 ची, रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून उभी राहिलेली, पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. 29 जानेवारी 1939 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे व्याख्यान दिलं. विषय होता 1935 च्या भारत सरकार कायद्यातल्या संघराज्याच्या योजनेचा. त्या योजनेची त्यांनी केलेली चिरफाड पुढे पुस्तिका म्हणून छापली गेली आणि आजही वाचली जाते. स्मृतिव्याख्यानाचं बलस्थान तेच आहे. वक्ता लिहून आणतो, वर्षभर विचार केलेलं आणतो, आणि भाषण छापील स्वरूपात मागे राहतं. पण म्हणूनच एक गैरसोयही होते. बरेचदा ते वाचून दाखवलं जातं, आणि लिहिलेलं वाचणारा माणूस श्रोत्यांकडे बघत नाही. ज्या विषयात तुम्हाला आधीच थोडी गती आहे त्या विषयाच्या स्मृतिव्याख्यानाला जरूर जा. नवख्या विषयासाठी थांबा आणि पुस्तिका निघाली की ती वाचा.

दुसरी तऱ्हा व्याख्यानमालेची. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. त्यांच्या नावानं विद्यापीठाचं बहिःशाल शिक्षण मंडळ व्याख्यानमाला चालवतं. विद्यापीठाच्या भिंतीबाहेरच्या लोकांपर्यंत ज्ञान न्यायचं ही मूळ कल्पना इंग्लंडातली. केंब्रिजनं 1873 साली असे वर्ग सुरू केले. आपल्याकडे ती व्याख्यानमालेच्या अंगानं वाढली, कारण व्याख्यानमाला इथे आधीपासूनच होती. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं 1875 साली सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला टिळक रस्त्यावर दर एप्रिल-मे महिन्यांत भरते, आणि तिचा विद्यापीठाशी काही संबंध नाही.

जयकर व्याख्यानमालेचं वैशिष्ट्य असं की ती गणेशखिंडीत नसते, ती कॉलेजांत असते. विद्यापीठाच्या हद्दीत पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीन जिल्हे येतात, त्यामुळे तुम्ही जुन्नर, संगमनेर किंवा सिन्नरकडे राहत असाल तर पुण्याला यायची गरज नाही. जवळच्या कॉलेजात चौकशी करा. दोन-तीन दिवस, रोज एक वक्ता, मराठीत, आणि कॉलेजची मुलं सक्तीनं बसवलेली. शेवटच्या गोष्टीकडे दुर्लक्ष करू नका. सक्तीचा श्रोता मागे कुजबुजतो, आणि चतुर वक्ता त्याला धरून ठेवायला विनोद आणि शेरोशायरीकडे वळतो. विषयही काही ठरलेलेच असतात : व्यक्तिमत्त्व विकास, ताणतणाव, स्पर्धा परीक्षा, संतसाहित्य. त्यातून स्थानिक इतिहासाचा, पाण्याचा किंवा शेतीचा विषय दिसला तर तो दिवस निवडा. ज्या माणसानं त्याच तालुक्यात काम केलंय तो पाटावरचं, बंधाऱ्यावरचं बोलतो तेव्हा श्रोत्यांतले शेतकरी उठून त्याला दुरुस्त करतात. असली प्रश्नोत्तरं शहरात मिळत नाहीत.

तिसरी तऱ्हा विज्ञानाच्या जाहीर व्याख्यानाची, आणि माझ्या मते पुण्याचं खरं सामर्थ्य इथे आहे. आयुका ही संस्था जयंत नारळीकरांनी 1988 मध्ये विद्यापीठाच्या आवारात उभी केली. इमारत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांची. तिथल्या चंद्रशेखर सभागृहात जाहीर व्याख्यानं होतात. सभागृहाला नाव खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रमण्यन चंद्रशेखर यांचं. 29 डिसेंबर हा संस्थेचा स्थापनादिन, त्या दिवशीही व्याख्यान असतं आणि वक्ता अनेकदा खगोलशास्त्राच्या बाहेरचा असतो. ज्यांना ताऱ्यांत रस नाही पण एखादा जाणता माणूस ऐकायचाय, त्यांच्यासाठी हा दिवस बरा.

तिथे लवकर जा. सभागृहाच्या आधीच्या आवारात फूकोचा लंबक टांगलेला आहे. तो आत जाताना एकदा आणि भाषण संपल्यावर पुन्हा एकदा पाहिला तर त्याची झोकायची दिशा थोडी फिरलेली दिसते, म्हणजे खरं तर खालची पृथ्वी फिरलीय. चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत. भाषण सुमार निघालं तरी फेरी फुकट जात नाही. भाषा मात्र बहुधा इंग्रजी. पाषाणच्या आयसरमध्येही तेच. ही विज्ञानशिक्षण आणि संशोधनाची संस्था 2006 ची, तिथेही जाहीर व्याख्यानं होतात, श्रोत्यांत तरुण जास्त असतात आणि प्रश्न बेधडक येतात.

याखेरीज एक चोरवाट सांगून ठेवतो. प्रत्येक विभागात आठवड्याला किंवा पंधरवड्याला ‘सेमिनार’ नावाचं एक लहानसं व्याख्यान होतं. पत्रिका निघत नाही. विभागाच्या फळ्यावर एक कागद चिकटवलेला असतो, बस्स. दीपप्रज्वलन नाही, शाल नाही, पंधरा-वीस माणसं आणि एक चहा. बाहेरच्या माणसाला बहुतेक ठिकाणी अडवत नाहीत, फक्त आदल्या दिवशी कार्यालयात विचारून घ्यावं. तिथे वक्त्याला मधेच थांबवून प्रश्न विचारतात आणि त्यालाही ते आवडतं. एखाद्या विषयात तुम्ही खरोखर घुसू पाहत असाल तर वर्षातली दोन मोठी स्मृतिव्याख्यानं सोडा आणि हे धरा.

कार्यशाळा : हाताला काय लागणार?

कार्यशाळेचा हिशेब वेगळा. पैसे लागतात, दोन ते पाच दिवस जातात, बहुधा रजा टाकावी लागते, आणि मधेच उठून जाता येत नाही. म्हणून निवडताना एकच प्रश्न विचारायचा : दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या हातात काय असेल? पेन, कागद, भिंग, मातीचं भांडं, संगणकावरची फाइल, काहीही चालेल. पण उत्तर ‘नोट्स’ असं आलं तर ती कार्यशाळा नाही. ती व्याख्यानमाला आहे, शुल्क लावून विकलेली.

मोडीचंच उदाहरण घ्या. मोडीवरचं व्याख्यान ऐकलं तर यादवांचा मंत्री हेमाडपंत यानं ती आणली ही कथा कळते, शिवकाळ-पेशवाईतला वापर कळतो, छपाई आली आणि मोडी मागे पडली हे कळतं. रंजक असतं, तासाभरात संपतं. मोडीच्या कार्यशाळेत पहिल्या दिवशी तुम्हाला कागदावर आडवी शिरोरेषा आधी ओढायला लावतात, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग अक्षरं तिला खालून टांगायची. देवनागरीत वाढलेला हात इथे अडतो, कारण आपल्याला रेघ शेवटी द्यायची सवय. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नाही, हात उचलायचा नाही. दुसऱ्या दिवशी खरा कागद समोर येतो आणि पहिल्याच ओळीत ‘सन खमस सबैन मया व अलफ’ असं काहीतरी असतं. खमस पाच, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. झाले 1175. हा सुहूर सन, जुन्या मराठी दप्तरांतली कालगणना. त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन, म्हणजे 1774-75. नारायणराव पेशव्यांचा खून होऊन जेमतेम वर्ष उलटलेलं. तुमच्या हातातल्या कागदावरचा कुणी पाटील त्या धामधुमीत आपल्या विहिरीच्या हिश्श्याबद्दल तक्रार करतोय. व्याख्यान हे देऊ शकत नाही. घरात आजोबांच्या वेळचं खरेदीखत किंवा वतनाचा कागद पडून असेल तर तो सोबत न्या, फोटो काढून न्या. शिकवणाऱ्यांना असले कागद फार आवडतात.

मोडीसाठी पुण्यात विद्यापीठाबाहेरही जागा आहेत. 1910 साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहेच. विद्यापीठाची कार्यशाळा आणि बाहेरचा वर्ग यांत निवडायचं असेल तर सवड बघा. कार्यशाळेत दोन-तीन दिवसांत धावती ओळख होते. वर्गात आठवड्याला थोडं थोडं करत महिने जातात, पण वाचता येऊ लागतं ते तिथेच. दोन दिवसांत ‘मोडी शिका’ असं कुणी लिहिलं असेल तर ते ‘मोडी बघा’ असं वाचावं.

ललित कला केंद्राचा प्रकार आणखी निराळा. विद्यापीठाचं हे नाटक, संगीत आणि नृत्याचं केंद्र, बरीच वर्षं नाटककार सतीश आळेकर त्याचे प्रमुख होते. तिथल्या कार्यशाळा मुळात त्यांच्या विद्यार्थ्यांसाठी असतात, बाहेरच्यांना जागा असेल तर पत्रिकेत स्पष्ट लिहितात. लिहिलं नसेल तर आग्रह धरू नका. त्याऐवजी विद्यार्थ्यांचे प्रयोग पाहायला जा, ते अनेकदा खुले असतात, काही उघड्यावर अंगणमंचावर होतात. कार्यशाळेत महिनाभर काय घडलं ते एका संध्याकाळी पाहायला मिळतं, तेही आवारात येरझाऱ्या घालणाऱ्या कुत्र्यांसकट.

प्रमाणपत्राबद्दल. कार्यशाळेच्या शेवटी प्रमाणपत्र मिळतं, आणि दुसऱ्या दिवशी जेवणानंतर सभागृह रिकामं व्हायला लागतं तेव्हा मागे उरलेल्यांतले निम्मे त्यासाठीच थांबलेले असतात. तुम्हाला त्याचा उपयोग नसेल तर त्या गर्दीचा राग मानू नका. पण गटकामात अशांच्या गटात पडलात तर काम तुमच्याच गळ्यात येतं, म्हणून गट पाडताना शहाण्यासारखं पहिल्या रांगेत जाऊन बसा. मी एकदा एका विभागाच्या कार्यशाळेला गेलो होतो, त्यात पहिल्या दिवसाचा अख्खा पूर्वार्ध उद्घाटनात गेला आणि ज्या सॉफ्टवेअरसाठी सगळे आले होते ते संगणकांवर टाकलेलंच नव्हतं. तेव्हापासून नोंदणीआधी आयोजकांना फोन करून तीन गोष्टी विचारतो : लॅपटॉप स्वतःचा आणायचा का, एका मार्गदर्शकामागे किती जण, आणि उद्घाटन किती वाजता संपतं. तिसऱ्या प्रश्नाला पलीकडचा माणूस हसतो, पण उत्तर देतो.

चर्चासत्र आणि परिसंवाद

इथे मी जरा कडवट आहे, ते आधीच सांगून टाकतो.

राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय चर्चासत्र म्हणजे शोधनिबंधांचं वाचन. बीजभाषण एक, मग समांतर सत्रं, प्रत्येक निबंधाला सात-आठ मिनिटं, आणि शेवटी आयएसबीएन क्रमांकाचा जाड ग्रंथ. हा संशोधकांचा आपसातला व्यवहार आहे. सामान्य वाचकानं त्यातलं फक्त बीजभाषण ऐकावं, तेही खुलं असेल तर, आणि निघून यावं. अपवाद एकच, तुमचा स्वतःचा छंद त्याच विषयात असेल तर. दुर्गभ्रमंती करता करता शिलालेखांचे फोटो जमवणारे, ओव्या गोळा करणाऱ्या शिक्षिका, नाणी जमवणारे हे लोक चर्चासत्रात चहाच्या वेळेस जे मिळवतात ते इतर कुठे मिळत नाही. त्यांनी शुल्क भरून जावं.

परिसंवादात साध्या गणितावर सगळं अवलंबून असतं. दीड तास असेल आणि व्यासपीठावर पाच वक्ते व एक अध्यक्ष, तर प्रास्ताविक-स्वागताची वीस मिनिटं वजा जाता प्रत्येकाला बारा, अध्यक्षांना दहा. श्रोत्यांना शून्य. तीन वक्ते असतील तर जावं. दोन असतील आणि त्या दोघांचं एकमेकांशी पटत नाही हे तुम्हाला ठाऊक असेल, तर रजा टाकून जावं.

परिसंवाद व्याख्यानापेक्षा उजवा ठरतो तो जिथे तथ्यांवर एकमत असूनही निष्कर्षांवर मतभेद आहेत अशा विषयांत. अर्थसंकल्प हे ठळक उदाहरण. तो 1 फेब्रुवारीला मांडला जातो आणि पुढच्या आठवड्याभरात पुण्यात त्यावर ठिकठिकाणी चर्चा होतात. एकाच अर्थतज्ज्ञाचं व्याख्यान ऐकलं तर बाहेर पडताना तुम्ही त्याच्याच मताचे असता, कारण आकडे त्यानं निवडलेले असतात. तेच आकडे समोरासमोर दोघांनी वाचले की तूट कशी मोजायची इथपासूनच फाटे फुटतात, आणि वाद खरा कुठे आहे ते दिसतं. आरक्षण, नवं शैक्षणिक धोरण, नदीसुधार या विषयांनाही हेच लागू. विद्यापीठात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्र आहे. स्त्रियांचे प्रश्न, जात, शिक्षण यांवरच्या चर्चा तिथे होतात आणि कार्यकर्त्या आल्या की प्राध्यापकांना आवरतं घ्यावं लागतं. ते ऐकण्यासारखं असतं.

उलट इतिहास, खगोलशास्त्र, भाषाशास्त्र अशा विषयांवर परिसंवाद असेल तर मी जात नाही. तिथे पाच जण एकमेकांना अनुमोदन देतात आणि अध्यक्ष पाचही भाषणांचा गोषवारा सांगतात.

कोणी कुठे जावं

आठवी ते दहावीतलं मूल घरात असेल तर फार विचार करू नका. आयुकात शाळकरी मुलांसाठी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी प्रात्यक्षिकांसह व्याख्यान असतं, मराठी वा हिंदीतून एक आणि इंग्रजीतून एक. शाळेमार्फत जाणं सोपं पडतं, म्हणून वर्गशिक्षिकांना गळ घाला. तिथेच मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, पु. ल. देशपांडे यांच्या देणगीतून झालेली, जिथे अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवण्याचं काम वर्षानुवर्षं केलं. मुलांच्या बाबतीत व्याख्यान आणि कार्यशाळा यांत तुलनाच नको, ज्यात हात घालता येतो ते घ्या. 28 फेब्रुवारीच्या विज्ञानदिनी पुण्यातल्या बऱ्याच संस्था दारं उघडतात, गर्दी तुफान असते. गाडी असेल तर त्या दिवशी नारायणगावजवळच्या खोडदला जा. तिथे जीएमआरटी या प्रकल्पाच्या प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 रेडिओ दुर्बिणी आहेत, आणि आसपासच्या गावांतल्या शाळा स्वतःचे प्रयोग घेऊन येतात. शहरातल्या मुलांनी खेड्यातल्या मुलांचे प्रयोग बघणं हा त्यातला मोठा भाग.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना मी सांगेन की व्याख्यानाकडे अभ्यासक्रम म्हणून बघू नका, वहीत मुद्दे उतरवत बसू नका. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेतून महिन्यातून एकदा बाहेर पडून अर्थसंकल्पावरचा किंवा संघराज्यावरचा एखादा चांगला वाद ऐकलात तर निबंधाच्या पेपरला दोन बाजू मांडता येतील. तेवढं पुरे.

निवृत्तांकडे सवड आहे, पण त्यांच्यासमोर अडचण वेगळी. विद्यापीठाचा परिसर चारशे एकरांच्या वर पसरलेला, मुख्य दरवाजापासून आयुका किंवा दूरचे विभाग चालत बरेच लांब, आणि संध्याकाळी विद्यापीठ चौकातून बाहेर पडायला लागणारा वेळ वेगळाच. अंधार पडल्यावर आत रिक्षा मिळत नाही. त्यांनी सकाळची चर्चासत्रांची बीजभाषणं आणि डेक्कन-टिळक रस्ता पट्ट्यातली व्याख्यानं धरावीत. पत्रिकेवर ‘संत ज्ञानेश्वर सभागृह’ असेल आणि तुम्ही ‘संत नामदेव’ला जाऊन बसलात, असं होतं, तेव्हा सभागृहाचं नाव नीट वाचून आत कोणाला तरी विचारूनच गाडी लावा.

नोकरदारांनी व्याख्यानं घरी बघावीत, हे मी मुद्दाम म्हणतो. हल्ली मोठ्या संस्थांची बहुतेक जाहीर व्याख्यानं यूट्यूबवर येतात, परिचय-सत्कार पुढे ढकलता येतो, आणि दीडपट वेगानं ऐकलं तरी काही बिघडत नाही. वाचवलेली रजा वर्षातून एका कार्यशाळेसाठी ठेवावी. ऑनलाइन कार्यशाळा मात्र टाळा. माइक बंद, कॅमेरा बंद, आणि चॅटमध्ये ‘गुड मॉर्निंग सर’. प्रमाणपत्र येतं, हाताला काही येत नाही. भाषेचे आणि प्राच्यविद्येचे लांब मुदतीचे ऑनलाइन वर्ग ही वेगळी गोष्ट, त्यांत गृहपाठ असतो.

मुंबई आणि गोवा

मुंबईकरांसाठी टीआयएफआर या विज्ञान संशोधन संस्थेचा ‘चाय अँड व्हाय?’ हा 2009 पासून चाललेला उपक्रम मी वर मांडलेल्या सगळ्या निकषांवर पहिला येतो. जुहूचं पृथ्वी थिएटर आणि माटुंग्याचं रुपारेल कॉलेज, रविवारी सकाळी 11, प्रवेश विनामूल्य, नोंदणी नाही. शास्त्रज्ञ टेबलावर काहीतरी करून दाखवतो आणि श्रोते मधेमधे विचारत राहतात. शाल-श्रीफळ नावालाही नाही. कुलाब्यातल्या संस्थेत जाऊन मोठं व्याख्यान ऐकायचं की हे, असा प्रश्न असेल तर आधी हे. मुंबई विद्यापीठाचा बहिःशाल विभागही आहे, त्याची गंमत पुण्यासारखीच, कॉलेजांमधून शोधायची.

गोव्यात मात्र साचाच वेगळा आहे आणि तो मला इतरांपेक्षा आवडतो. गोवा विद्यापीठानं अभ्यागत प्राध्यापकांसाठी अध्यासनं केली, त्यांना नावं दिली दामोदर कोसंबी, मारियो मिरांडा, बाकीबाब बोरकर, दयानंद बांदोडकर अशांची. एखादा विद्वान येतो आणि एकाच विषयावर सलग काही दिवस शिकवतो, आणि त्या वर्गांत विद्यार्थ्यांबरोबर बाहेरच्या माणसालाही बसता आलेलं आहे. हे व्याख्यान नाही आणि कार्यशाळाही नाही, पहिल्या दिवशी न कळलेलं चौथ्या दिवशी विचारता येतं. त्याच्या जोडीला पणजीच्या कला अकादमीत कोसंबींच्या नावाचा विचारमहोत्सव 2008 पासून होत आला आहे, नामांकित वक्ते आणि तुडुंब सभागृह. दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर महोत्सव सोडा आणि ताळगावच्या पठारावर वर्गात जाऊन बसा. वर्गांच्या तारखा बहुधा आयत्या वेळी जाहीर होतात, त्यामुळे विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सत्र सुरू होताच एकदा आणि दिवाळीनंतर एकदा नजर टाकलेली बरी. बाहेरच्यांच्या जागा मोजक्या असतात आणि आधी अर्ज करणाऱ्याला मिळतात.